भाकर आजची, कोठार उद्याचे

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत पोटाशी थेट संबंध असलेली मागणी एकच आहे, आणि ती फार लहान आहे. रोजची भाकर, तीही आजच्यापुरती. वर्षाची बेगमी नव्हे, मुलाबाळांच्या भवितव्याची तरतूद नव्हे, म्हातारपणाचा आधारही नव्हे. ख्रिस्तसभेच्या अगदी आरंभीच्या काळातील 'दिदाखे' नावाच्या लहानशा ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा करावी असे सांगितले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, त्यातही ती इथल्या लोकांच्या बोलीत आहे. तेव्हा निदान चारशे वर्षे तरी या किनाऱ्यावरची ख्रिस्ती माणसे आपापल्या भाषेत परमपित्याजवळ ही भाकर मागत आली आहेत. मिस्साबलीत आपण ती मागतो, संध्याकाळच्या जपमाळेत प्रत्येक दशकाच्या आरंभी मागतो, मयताच्या घरी मागतो आणि लग्नघरातही मागतो.

पण मागतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न एकदा मनात उभा राहिला की तो सहजासहजी खाली बसत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटात आज बँकेचे पासबुक आहे, मुदत ठेवीच्या पावत्या आहेत, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. कुणाचे दागिने लॉकरमध्ये आहेत, कुणी मुलाच्या नावाने सदनिका घेऊन ठेवली आहे. दहा वर्षांची भाकर कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि ओठांनी आजची भाकर मागायची, ही प्रार्थना खरी म्हणावी काय? आणि ती खरी व्हावी म्हणून जर सगळी तरतूद सोडून द्यायची, तर मुलांचे शिक्षण, आजारपण, म्हातारे आईवडील यांची जबाबदारी झटकणे हाच विश्वास ठरेल काय? थोडक्यात, उद्याची तरतूद करणे हा देवावरचा अविश्वास आहे काय? आणि नसेल, तर तरतूद कोठे संपते व हाव कोठे सुरू होते?

या प्रश्नातून सुटण्याच्या दोन सोप्या वाटा आहेत. पहिली वाट अशी की, ही मागणी आध्यात्मिक अन्नाची आहे, तिचा डाळ-तांदळाशी संबंध नाही, असे म्हणून मोकळे व्हावे. दुसरी वाट अशी की, ती साधुसंतांसाठी, व्रतस्थ धर्मगुरू व धर्मभगिनींसाठी आहे. प्रापंचिकांना ती अक्षरशः लागू नाही, असे मानावे. या दोन्ही वाटा सोयीच्या आहेत. पण प्रभूने ही प्रार्थना मासे धरणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, बायकामुले असलेल्या माणसांच्याही ओठी दिली, आणि ती देताना कुणाला वगळले नाही. म्हणून पवित्र शास्त्राचाच आधार घेऊन थोडे सावकाश चालणे आपल्याला भाग आहे.

प्रथम त्या शब्दाकडे पाहू. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांच्या ग्रीक पाठात 'रोजची' या जागी 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तिसऱ्या शतकातील थोर पंडित ओरिजन याने प्रार्थनेवर लिहिलेल्या ग्रंथात नमूद केले आहे की, हा शब्द ग्रीक विद्वानांच्या लेखनात आढळत नाही आणि सामान्य लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडविला असावा. पुढे संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतर सिद्ध केले, तेव्हा या एकाच शब्दाला त्यात दोन रूपे मिळाली. लूकच्या शुभवर्तमानात 'रोजची', आणि मत्तयच्या शुभवर्तमानात 'सर्व द्रव्याच्या पलीकडची'. इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात या जागी 'उद्या' या अर्थाचा शब्द आपल्याला आढळला, असेही जेरोम यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे एका भाकरीत तीन भाकरी आल्या. जगण्यापुरती लागणारी आजची भाकर, देवराज्याच्या मेजवानीतील उद्याची भाकर, आणि सर्व द्रव्यांच्या पलीकडची अशी ख्रिस्तशरीराची भाकर. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथानेही या शब्दाचे अर्थ एकमेकांविरुद्ध उभे केलेले नाहीत. ते एकत्र स्वीकारले आहेत. म्हणून वेदीवरील भाकरीचे नाव पुढे करून ताटातली भाकर बाजूला सारता येत नाही. मिस्साबलीत ही प्रार्थना ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या थोडी आधी येते, याचाही अर्थ हाच की वेदी आणि ताट ही एकाच मागणीची दोन ठिकाणे आहेत.

आता आपल्या मराठी शब्दाकडे पाहू. भाकर हा शब्द निवडणाऱ्याने नकळत मोठे काम करून ठेवले आहे. वसईत ती तांदळाची असेल, नगरकडे ज्वारी-बाजरीची असेल. पण कुठेही ती रोज थापावी लागते. आजची भाकरी उद्या शिळी होते आणि परवा ती कुणाच्या तोंडाला लागत नाही. धान्याचे तसे नसते. धान्य कणगीत भरून ठेवता येते, कोठारात साठविता येते, बाजारात विकता येते, भाव चढेपर्यंत दडवूनही ठेवता येते. भाकरीच्या बाबतीत यातले काहीच शक्य नाही. ती खायची असते, नाहीतर कुणाला तरी द्यायची असते. प्रार्थनेत आपण भाकर मागतो, धान्य मागत नाही, हा भेद लक्षात ठेवला तर पुढची वाट थोडी उजळते. धान्य साठविण्याचे काम देवाने माणसाच्या शहाणपणावर सोपविले आहे. साठविलेल्या धान्याची भाकर व्हावी आणि ती खाणाऱ्याच्या तोंडी पडावी, हे मात्र आपण त्याच्याजवळ रोज मागायचे आहे.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्नाची हकिकत आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. रानात भुकेलेल्या इस्राएल लोकांसाठी पहाटेच्या दवाबरोबर अन्न उतरे. प्रत्येकाने घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे माणशी एक ओमर गोळा करावा, सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवू नये, असा नियम होता. ज्यांनी ठेवले त्यांच्या साठ्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याला जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. पुढे करिंथच्या श्रीमंत मंडळीकडे यरुशलेममधील गरिबांसाठी मदत मागताना संत पौलाने नेमका हाच दाखला दिला.

या हकिकतीतला एक तपशील मात्र आपण अनेकदा ओलांडून जातो. सहाव्या दिवशी लोकांनी दुप्पट गोळा करायचे होते, कारण सातवा दिवस साब्बाथाचा, विश्रांतीचा. त्या दिवशी साठविलेला मान्ना कुजला नाही, त्यात कीड पडली नाही. पदार्थ एकच, भांडे एकच, साठविणारे हातही तेच. मग एके दिवशी सडणारी गोष्ट दुसऱ्या दिवशी ताजी कशी राहिली? आम्हांला वाटते की संपूर्ण प्रश्नाची किल्ली इथे आहे. साठविणे हे स्वतः पाप नाही आणि पुण्यही नाही. भीतीपोटी साठविलेले कुजले. देवाच्या सांगण्यावरून, विश्रांतीसाठी साठविलेले टिकले. आणखी एक ओमर मान्ना पुढच्या पिढ्यांना दाखविण्यासाठी भांड्यात भरून ठेवावा, असेही सांगितले गेले. आठवण म्हणून ठेवलेलाही टिकला. म्हणून आपल्या कपाटातील पासबुकाला पहिला प्रश्न विचारायचा तो किती आहे हा नव्हे. कशासाठी आहे, हा.

शास्त्राची दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ हा साठवणुकीचा आद्य पुरुष म्हणावा लागेल. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा त्याने कोठारांत भरला आणि दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश वाचविला. त्याला विकणाऱ्या त्याच्या भावांनाही त्यानेच जगविले. त्याने उद्याची चिंता केली नसती तर अनेक लोक मेले असते. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही आळशी माणसाला मुंगीकडे जाण्याचा सल्ला दिलेला आहे, कारण ती उन्हाळ्यात अन्न जमवते. तेव्हा उधळेपणाला किंवा आळसाला विश्वासाचे नाव देण्यास पवित्र शास्त्रात आधार नाही.

परंतु योसेफाची कथा तेथे थांबत नाही. सत्तेचाळिसाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, दुष्काळ लांबला तेव्हा लोकांनी प्रथम आपला पैसा दिला, मग गुरेढोरे दिली, शेवटी जमीन दिली आणि स्वतःलाही फारोचे दास म्हणून देऊ केले. कोठार भरलेलेच होते, पण त्याचे दार आता किंमत घेऊन उघडत होते. याजकांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या, हेही शास्त्र लपवून ठेवत नाही. आणि निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात आपण वाचतो की, नव्या फारोने इस्राएल लोकांना वेठीस धरून पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरे बांधून घेतली. ज्या कोठाराने याकोबाच्या मुलांना एके काळी वाचविले, तशाच कोठारांच्या विटा त्यांच्या वंशजांना पाठीवर वाहाव्या लागल्या. कोठाराचे असे होते. ते दयेने उभे राहते; पुढे किल्ली हाती असलेल्याला सत्तेची चटक लागते, आणि शेवटी माणसांपेक्षा कोठार मोठे होऊन बसते. कोठारांच्या विटा थापून थकलेल्या याच लोकांना देवाने रानात प्रथम कोणते अन्न दिले? जे कुठल्याच कोठारात मावत नाही असे. हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही.

लूकच्या बाराव्या अध्यायातील मूर्ख धनवानाचा दाखलाही या संदर्भात नव्याने वाचण्यासारखा आहे. तो दाखला निघाला कशावरून, हे आपण बहुधा विसरतो. गर्दीतल्या एका माणसाने प्रभूला विनंती केली होती की, माझ्या भावाला वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी करून देण्यास सांग. म्हणजे प्रसंग दोन भावांच्या वाटणीचा होता. प्रभूने न्यायाधीश होण्याचे नाकारले आणि हा दाखला सांगितला. त्या धनवानाने चोरी केलेली नाही, कुणाला फसविलेले नाही. त्याच्या जमिनीला चांगले पीक आले, एवढेच. पण त्याचे स्वगत लक्ष देऊन ऐकावे. मी काय करू, माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव. साऱ्या बोलण्यात दुसरे माणूस नाही. तो बोलतो तेही स्वतःशीच. एवढे पीक एकट्याने काढले नसेल. कापणारे हात होते, वाहणारे बैल होते, घरात कुणीतरी भाकर करीत होते. यांपैकी कुणीही त्याच्या वाक्यात शिरू शकले नाही.

याच्या शेजारी प्रभूची प्रार्थना ठेवून पाहावी. तिच्यात 'माझी' हा शब्द कोठेच नाही. भाकर 'आमची' आहे. मराठीत 'आपली' आणि 'आमची' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ज्याच्याशी बोलतो त्याला 'आमची' हा शब्द बाहेर ठेवतो. एरवी हा शब्द भिंत घालतो. आमची वाडी, आमची जात, आमचा धर्मग्राम असे म्हणताना समोरचा परका ठरतो. पण या प्रार्थनेत समोर देव आहे. म्हणून भिंतीच्या पलीकडे एकटा तो, आणि अलीकडे उरलेली सगळी माणसे. आपल्या वाडीत राबणारा आदिवासी मजूर अलीकडे, शेजारच्या इमारतीच्या बांधकामावर उत्तरेकडून आलेला गवंडी अलीकडे, आणि ज्याच्याशी बांधावरून आपले बोलणे बंद आहे तो सख्खा भाऊही अलीकडेच. यांपैकी एकालाही वगळून 'आमची भाकर' म्हणता येत नाही. चौथ्या शतकात कप्पदोकियात दुष्काळ पडला, त्या काळात संत बेझिल यांनी याच धनवानावर प्रवचन केले. आपल्याजवळ जास्तीची म्हणून राहिलेली भाकर ही भुकेल्याची आहे आणि पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्याचे आहे, असा त्याचा आशय होता. ते प्रवचन देऊन थांबले नाहीत; त्यांनी गरिबांसाठी व आजाऱ्यांसाठी मोठे आश्रयस्थान उभे केले. खरे कोठार भुकेल्याच्या पोटातच असते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

मग दूरदृष्टी आणि चिंता यांत फरक कसा करावा? संत थॉमस अक्वाइनस यांनी या प्रश्नाचा नेहमीच्या शांतपणे विचार केला आहे. त्यांच्या मते प्रत्येक काळाला त्याची त्याची काळजी असते. उन्हाळ्यात कापणीची काळजी करावी, शरदात द्राक्षे उतरविण्याची. कापणीच्या दिवसांत बसून द्राक्षांची काळजी करणे म्हणजे पुढच्या काळाचे ओझे आज डोक्यावर घेणे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगापूर्वी बियाणे ठेवणे याला कुणी हाव म्हणणार नाही. ते न ठेवणे हाच मूर्खपणा. पण बियाण्याच्या धास्तीने घरातल्या मुलाला अर्धपोटी निजविणे हा शहाणपणा नव्हे. प्रभूच्या शिष्यांच्या मंडळीतही पैशाची पिशवी होती, याची आठवण संत थॉमस आवर्जून करून देतात. त्या पिशवीतून गरिबांना दिले जाई, हे योहानाच्या शुभवर्तमानातील शेवटच्या भोजनाच्या प्रसंगावरून दिसते. मात्र ती पिशवी ज्याच्या हाती होती त्याचे पुढे काय झाले, हेही आपण जाणतो. पिशवी असणे वेगळे आणि पिशवीने माणसाला धरणे वेगळे.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे. पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला सांगावे की उद्याची चिंता करू नकोस, देव पाखरांनाही चारा देतो. यासारखी निष्ठुर गोष्ट दुसरी नाही. हा आक्षेप खरा आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या विधवेला मुलाच्या शाळेच्या फीची चिंता वाटते, तेव्हा ती अविश्वासाची खूण नसते. ती मायेची खूण असते. पाखरांचा आणि रानफुलांचा दाखला देताना प्रभूने गरज खोटी आहे असे म्हटलेले नाही. तुम्हांला या गोष्टींची गरज आहे हे तुमच्या पित्याला ठाऊक आहे, असाच त्याचा आशय आहे. आणि पित्याला ठाऊक असलेली ती गरज बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या हातून भागते. उघड्या व उपाशी भावंडाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे, असे संत याकोबाचे पत्र आपल्याला बजावते. म्हणून चिंता करू नका ही आज्ञा भरल्या घरांवर दुहेरी बंधन घालते. आपण स्वतः चिंतेपायी साठवू नये, आणि आपल्या साठ्यामुळे दुसऱ्याला चिंतेत राहावे लागू नये.

ख्रिस्तसभेने कष्टकऱ्याच्या बचतीकडे कधी संशयाने पाहिलेले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक लिहिले, तेव्हा कामगाराला कुटुंब पोसून थोडे मागे टाकता येईल एवढे वेतन मिळावे आणि त्यातून त्याची लहानशी मालमत्ता व्हावी, अशीच त्यांची अपेक्षा होती. पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो'मध्ये याची दुसरी बाजू मांडली. पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे, आणि इतरांना अत्यावश्यक गोष्टी मिळत नसताना स्वतःच्या गरजेपलीकडचे राखून ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही, असा तिचा मथितार्थ. या दोन शिकवणुकींत विरोध नाही. पहिली गरिबाला कणगी देते, दुसरी श्रीमंताच्या कणगीला दार ठेवते.

आपल्या वसईच्या इतिहासातही याचे एक बोलके उदाहरण आहे. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला आणि १९१२ साली त्याची व्याप्ती वाढली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९१८ साली, मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली. तीच पुढे बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून वाढली. पतसंस्था म्हणजे तरी काय? एकाने आज न लागणारे धान्य दुसऱ्याच्या आजच्या भाकरीसाठी दिलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी भूमिका बदललेल्या असतात. एका धर्मगुरूला वेदीवरून रोज ही प्रार्थना म्हणताना तिचा अर्थ हिशेबाच्या वहीतही उतरावा असे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. बचत 'माझी' असतानाही ती 'आमची' होऊ शकते, हे त्या पिढीने ओळखले होते.

आज प्रश्न अधिक बिकट झाला आहे, कारण साठविण्याचा पदार्थ बदलला आहे. आपल्या पूर्वजांची संपत्ती केळीच्या बागेत, पानवेलीत, भाताच्या खाचरात होती. जमीन ही रोज थोडे देणारी गोष्ट होती, आणि दिल्याबद्दल रोज थोडे मागणारीही होती. तिला पाणी हवे, खत हवे, माणसाचा पाय हवा. शहर वाढत वसईपर्यंत आले आणि एकेक वाडी विकली गेली. हा लोंढा थोपवून हिरवा पट्टा राखण्यासाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेला हरित वसईचा लढा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. विकणाऱ्या प्रत्येकाला दोष देणे अन्यायाचे होईल. कुणाला आजारपण होते, कुणाला मुलीचे लग्न होते, कुणाच्या विहिरीचे पाणी खारे झाले होते. पण विक्रीनंतर घरात आलेला पैसा हा एक विलक्षण पदार्थ आहे. तो न कुजणारा मान्ना आहे. मान्ना कुजला की त्याला दुर्गंधी सुटे, आणि साठविणाऱ्याला आपली चूक सकाळीच कळे. पैशाला दुर्गंधी सुटत नाही. कीड पडतेच, पण ती नोटांना न पडता नात्यांना पडते. एका अंगणात वाढलेली भावंडे कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटतात. आईला कुणाकडे ठेवायचे याचा निर्णय वाटणीच्या कागदाशी जोडला जातो. बहिणीने सही केली नाही म्हणून तिच्या घरच्या नामकरणाला कुणी जात नाही. सोन्यारुप्याला चढलेला गंज आपल्याविरुद्ध साक्ष देईल, आणि शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, असे संत याकोबाने श्रीमंतांना सुनावले. आपल्या घराघरांतील अबोला हाही त्या गंजाचाच प्रकार आहे.

या सर्व विवेचनातून आपल्या घरी नेण्यासारख्या तीन कसोट्या निघतात. पहिली कसोटी मापाची. मान्नाला ओमरचे माप होते. आपल्या घरात 'एवढे पुरे' असे म्हणण्याची एखादी रेघ आखलेली आहे काय? मुलांचे शिक्षण, आजारपण, म्हातारपण यांसाठी किती लागेल याचा अंदाज करून नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून ती रेघ ठरवावी. जिला माप आहे ती तरतूद. जिला नाही तिला हाव म्हणण्यास हरकत नसावी. दुसरी कसोटी दाराची. शेताच्या कडेचे पीक कापू नये, विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नये, ती गरीब व परदेशी यांच्यासाठी असू द्यावी, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. आपल्या मिळकतीची अशी एखादी कड आपण न कापता सोडतो काय? सणासुदीला उरलेसुरले देणे निराळे, आणि पेरणीच्या वेळीच कड बाजूला काढणे निराळे. तिसरी कसोटी विसाव्याची. सहाव्या दिवशीचा साठा सातव्या दिवशी विश्रांती मिळावी म्हणून होता. आपल्या साठ्याने आपल्याला विसावा दिला आहे काय? की तो जितका वाढला तितकी झोप उडाली, रविवारच्या मिस्सालाही मन भाव-दरांत गुंतू लागले? ज्या बचतीने माणूस अधिक मोकळा होतो ती देवाच्या मर्जीतली. जिने तो अधिक भेदरतो ती कुजू लागलेली आहे.

या कसोट्या लावण्याची ताकद एका दिवसात येत नाही. तीही रोज थोडी थोडी मिळवावी लागते, आणि इथे शास्त्रवाचनाचा संबंध येतो. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणावरील आपल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र वारंवार वाचण्याचे आवाहन केले. त्यानंतर १९६९ साली नवीन वाचनक्रम सिद्ध झाला. रविवारची वाचने तीन वर्षांच्या आणि इतर दिवसांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्रात बसविले गेले. म्हणजे प्रत्येक दिवसाला त्याचा त्याचा वाटा नेमून दिलेला आहे, अगदी माणशी एक ओमर असावा तसा. तो वाटा लहान असतो. कधी पटतो, कधी पटत नाही, कधी तर आपल्या आजच्या दिवसाशी त्याचा काही संबंध दिसत नाही. तरीही तो त्याच दिवशी घ्यायचा असतो. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेल्यावर जन्मभर भागवू पाहणारा माणूस हा कालचा मान्ना राखून ठेवणाऱ्यासारखाच आहे. संध्याकाळी जपमाळेनंतर घरातल्या एखाद्या मुलाने त्या दिवसाचे शुभवर्तमान मोठ्याने वाचावे, आणि त्यावर घरातल्या कुणीही एखादे वाक्य बोलावे, यासाठी पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ज्या घराला आजच्या वचनावर आजचा दिवस काढण्याची सवय लागते, त्या घराला आजच्या भाकरीसाठी देवावर विसंबण्याचीही सवय हळूहळू लागते. दोन्ही एकाच हातून मिळतात.

शेवटी एका लहानशा शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भाकरीची मागणी संपते आणि क्षमेची सुरू होते, तेथे मूळ ग्रीक पाठात 'आणि' असे उभयान्वयी अव्यय आहे. भाकर दे, आणि क्षमा कर. प्रभूने या दोन मागण्या एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. एका ताटात जेवणाऱ्यांनाच एकमेकांना क्षमा करावी लागते, आणि ज्यांनी क्षमा केलेली नाही त्यांना एका ताटात जेवता येत नाही. म्हणून वाटणीवरून तुटलेल्या घरांत आजची भाकर मागण्याचा पहिला अर्थ कदाचित हाच असेल की, आधी भावाच्या दारी जावे. कोणी किती गुंठे घेतले याचा निकाल न्यायालय यथावकाश देईल. पण कोण कुणाच्या घरी जेवला याचा निकाल आपल्याला आजच देता येतो. उद्याच्या कोठारात ही गोष्ट साठविता येत नाही. भाकरीसारखीच तीही आजची आहे.